देवळामागचा बार

आमच्या घराण्याची नक्षीची बंदूक मला कळायला लागल्यापासून एकदाही उडालेली नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. गाव मात्र सांगत आलं, की आमच्याकडे पोळा फुटतो तो त्या बंदुकीच्या बारावर. पोळा फुटत होता, बारही होत होता. बंदूक दुसरी होती.

एवढ्याशा गोष्टीचं ओझं ते काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. मीही पुष्कळ वर्षं तसंच वाटून घेत आलो.

घरात दोन बंदुका होत्या, दोन्ही ठासणीच्या. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी घालायची, लोखंडी गजाने ठासायचं, घोड्याखाली ठिणगी देणारी टोपी बसवायची आणि चाप ओढायचा. एवढंच काय ते दोघींत सारखं. पहिली आजोबांना भेट मिळालेली. तिच्या घोड्याच्या एका बाजूच्या पत्र्यावर मान वळवून मागे पाहणारं हरीण होतं, दुसऱ्या बाजूला वाघ, आणि दोघांना जोडणारी वेल चांदीच्या तारेने ठोकून बसवलेली. दस्ता अक्रोडाचा, आरशासारखा. ती बैठकीत मखमलीच्या गवसणीत असायची. दसऱ्याला आई तिला हळदकुंकू वाहायची. तालुक्याचे साहेब आले की वडील गवसणी काढायचे, साहेब हरणावरून बोट फिरवायचे, आणि मग चहा यायचा.

दुसरी काळी होती. दस्ता तडकलेला, त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. ती गोठ्याशेजारच्या खोलीत ढेपेच्या पोत्यांमागे उभी असायची. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं उतरायची, रोही म्हणजे नीलगायी यायच्या. त्यांना हाकलायला हीच. तिच्यावर चित्र कसलंच नव्हतं. दस्त्यावर गाल टेकायच्या जागी तेवढा लाकडाचा रंग उतरून पिवळा डाग पडला होता. तो गाल आमच्या सालदाराचा.

सालदार म्हणजे पाडव्याला वर्षाची बोली करून राहिलेला गडी. हा आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून राहिला होता. आम्ही घरची पोरं त्याला मामा म्हणायचो. फार गोड माणूस होता असं नाही. कुरकुर करायचा, बिडीवाचून हलायचा नाही, जेवणात मीठ कमी पडलं तर आईलाही सुनवायचा. जीभ तिखट. बंदुकांना त्याने नावं ठेवली होती. बैठकीतली ती सासू, गोठ्यातली ती सून.

"सासू पाटावर बसते," तो म्हणायचा, "अन् दयन-कांडन सुनेनं कराव. जगाची रीतच हाये बाप्पा."

वडिलांच्या कानावर हे गेलं होतं. ते हसायचेही. कारण सासू पाटावर का बसली होती, हे घरात वडील, मामा आणि मी, आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

झालं होतं असं. एका वर्षी जत्रेत भांड्यांवर नावं घालणारा बसला होता. लग्नातल्या पितळी तांब्यांवर, पराती-घंगाळांवर छिन्नीने नाव घालून देणारा. वडिलांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बंदूक नेली आणि नळीच्या बुडाशी आमचं आडनाव आणि वर एक मारुती कोरून घेतला. बंदूक पाहुण्याकडून आली होती ना, तिच्यावर आपलं नाव नको? त्याने पराती कोरतात तशी मन लावून, खोल कोरली. मारुती सुरेख उतरला. पुढे बंदुका दुरुस्त करणारा एक कारागीर तालुक्याला आला, त्याने त्या मारुतीवरून नख ओढलं आणि बंदूक खाली ठेवली. "दारू बसते त्याच जागेचं लोखंड काढलं तुम्ही," तो म्हणाला. "आता हिची पूजा करा. ठासाल तर तोंडावर फुटेल."

एखाद्याने हसून सोडून दिलं असतं. वडिलांना ते जमणारं नव्हतं. पोळ्याला वेशीत तोरण लागायचं, गावच्या जोड्या सजून त्याच्याखाली ओळीने उभ्या राहायच्या, झडत्या, म्हणजे पोळ्याची चढाओढीची गाणी, म्हणून व्हायच्या, आणि मग आमच्या बंदुकीचा बार झाला की तोरण तुटायचं, पोळा फुटायचा. हा आमचा मान. नवं राज्य झालं, वतनं गेली, पाटीलकीही कायद्याने गेली. निवडून आलेला सरपंच वेशीत खुर्ची टाकून बसायला लागला. तो म्हणायचाही, "आता बँड लावून फोडू पोळा, बंदूक कायले पायजे?" अशा दिवसांत बंदूक मुकी आहे हे कळलं असतं, तर राहिलेलं तेवढंही गेलं असतं.

मग वडिलांनी युक्ती काढली. वेशीत ते नक्षीची बंदूक उंच धरणार, तिला नुसती टोपी लावलेली. मामा मारुतीच्या देवळामागे भिंतीआड सुनेला घेऊन उभा. भिंतीतल्या फटीतून त्याला वडिलांचा फेटा दिसायचा. वडिलांनी चाप ओढला की त्याने ओढायचा. बार झाला की बैल उधळायचे, ढोल सुरू व्हायचे, धूळ उडायची. धूर देवळामागून येतोय का हातातून, हे पाहायला त्या क्षणी कुणाला सवड? कित्येक वर्षं हे बिनबोभाट चाललं. बार मामाचा, मान आमचा.

त्या वर्षी वडिलांची कंबर धरली आणि ते बाजेवरून उठेनात. बंदूक धरायला मी. वय पंचविशीच्या आत, नुकतंच लग्न झालेलं. बायकोचं माहेर नांदुऱ्याचं, कापसाच्या व्यापारातलं. तिला तिजेसाठी, म्हणजे हरतालिकेला, न्यायला तिचे दोघं भाऊ नेमके पोळ्याच्या सकाळीच आले. जेवायला बसले आणि धाकट्याची नजर बंदुकीवर गेली.

"दाजी, ही उडते का नुसतीच नटते?"

"संध्याकाळी ऐका की."

"ऐकू. पण आमचे कान जिनिंगच्या भोंग्याले सवकलेले. तुमची बंदूक शिंकली तं आम्हाले ऐकू नाई यायची."

सगळे हसले. पंक्तीत वाढणारी माझी बायकोही पदर तोंडाला लावून हसली. मी हसलो नाही. हात धुतला आणि सरळ गोठ्याकडे गेलो.

मामा खोलीच्या उंबऱ्यावर बसून सुनेत दारू भरत होता. दारू ठेवायचं एक बैलाचं शिंग होतं, त्यातून मापाने ओतायची.

मी म्हणालो, "मामा, आज दुप्पट घाला."

"काऊन?"

"पाहुणे आलेत."

"पाहुण्यायले पुरनाची पोळी खाऊ घाला ना भाऊ. बारूद काऊन खाऊ घालून राह्यले?"

"थट्टा नको. दणका नांदुऱ्यापर्यंत गेला पाहिजे."

त्याने बिडी कानामागे खोचली. "हे पाहा, सून आता म्हातारी झाली. नळी आतून खाल्लेली हाये. हरसाली जेवढी घालतो, तेवढीच झेपते तिले. थे सासू हाये मिरवाले, मिरवा तिले. हिच्या जिवावर काऊन उठता?"

मी काय म्हणालो ते मला अक्षरन् अक्षर आठवतं. मी म्हणालो, "भ्याले का मामा?"

मी त्याच्या हातातलं शिंग घेतलं. दुसरं माप मी ओतलं. चिंधी मी घातली आणि गजही मीच मारला, चांगला दाबून. तो माझ्या हाताकडे पाहत होता. मग टोपीची डबी खिशात टाकून उठला. जाताना एवढंच म्हणाला, "फेटा नीट बांधजा. मले फटीतून दिसला पायजे."

वेशीत जोड्या उभ्या होत्या. शिंगांना बेगड, पाठीवर झुली. सरपंच खुर्चीत, माझे मेहुणे त्याच्या शेजारी. झडत्या संपल्या. मी नक्षीची बंदूक वर केली, उन्हात ते चांदीचं हरीण चमकलं, आणि मी चाप ओढला.

बार झाला. असा बार गावाने ऐकला नव्हता. पारावरचे पारवे उडाले, बैल दाव्यासकट उधळले, लोकांनी आरोळी ठोकली. धाकट्या मेहुण्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "वा दाजी! ही तं तोफ निंगाली!"

आणि मला कळलं होतं. दरवर्षीचा बार गोल असायचा, हा फाटका होता. आवाजाच्या पोटात कडकन काहीतरी तुटलं होतं. मला तेव्हाच, तिथेच कळलं होतं. पण माझ्या हातात बंदूक होती, लोक येऊन तिला हात लावून पाया पडत होते, कुणीतरी माझ्या कपाळाला गुलाल लावत होतं. मी देवळामागे गेलो नाही. मला जायला जमलं नाही असं मी पुढे स्वतःला सांगायचो. ते खोटं आहे. मी गेलो नाही.

त्याला पाहिलं ते देवळाच्या गुरवाने. डाव्या हाताने त्याने नळी धरली होती. अंगठा राहिला, बाकीची बोटं गेली. एका बाजूचा चेहरा भाजला होता. गुरवाने ओरडून माणसं बोलावली. गाडी जुंपा म्हणाले, पण पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आमच्या गोठ्यात तेव्हा तीन जोड्या होत्या, तिन्ही नटून उभ्या. मी मालकाचा मुलगा; मी "जुंपा" म्हटलं असतं तर जुंपले असते. मी गप्प राहिलो. शेवटी त्याला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर डांबरी सडकेपर्यंत नेलं. मी त्या चौघांत नव्हतो. मी घरोघर जोडीबरोबर फिरत होतो, बाया बैलांचे पाय धूत होत्या, पुरणाचा घास भरवत होत्या.

त्या संध्याकाळी वडिलांनी बाजेवरूनच सगळं ठरवलं. खरं सांगायचं तर दोन गोष्टी जात होत्या. एक मान. दुसरी परवाना, कारण साधी बंदूक वडिलांच्या नावावर, आणि गड्याचं नाव परवान्यावर कधी चढवलेलंच नव्हतं. "तो सणाची पिऊन ससे मारायला गेला," वडील म्हणाले. "खोलीचं कुलूप काढून घेऊन गेला. आपल्याला काय माहीत?" आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्याला तूच जाऊन सांग. तुझं ऐकेल."

ठाण्याचे जमादार आले, त्यांना मी जबाब दिला. त्यात मी मामा हा शब्द वापरला नाही. "आमचा नोकर" म्हणालो. न विचारता बंदूक नेली असं म्हणालो. जमादारांनी नक्षीची बंदूक पाहायला मागितली. मी गवसणी काढली. ते हरणावरून बोट फिरवत म्हणाले, "काय चीज आहे हो!"

दवाखान्यात तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला पाहून वळला. चेहऱ्याला पट्टी होती, एकच डोळा उघडा.

"बैलं लय बुजाडले काय हो?"

"नाही," मी म्हणालो.

"सून गेली, भाऊ."

मी मान हलवली. मग जे सांगायला गेलो होतो ते सांगितलं. अडखळत सांगितलं, पण पूर्ण सांगितलं. चोरीचं सुद्धा. तो ऐकत राहिला. रागावला असता तर मला हलकं वाटलं असतं. मग म्हणाला, "हाव. म्हनतो तसं. मालकाची गोष्ट हाये. पण एक करजा. माह्या पोरीले खरं सांगजा. आता लहान हाये, समजाची नाई. लग्नाआधी सांगजा. तुमीच."

"तुम्हीच सांगाल ना, मामा."

"माह्या तोंडून कोन मानीन? चोर तं असंच म्हनते."

मी त्याच्या चांगल्या हातावर हात ठेवला आणि सांगेन म्हणालो. शपथ त्याने मागितली नव्हती. मीच घेतली.

मेहकरच्या कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. शिक्षा फार नव्हती, पण झाली. सुटल्यावर तो गावात आला नाही, बायकोच्या गावी गेला. आमच्याकडे दुसरा सालदार राहिला. पुढच्या पोळ्याला वडिलांनीच सरपंचाला निरोप धाडला, की बंदुकीने माणसाचा घात होतो, आता बँडच लावा. लोक म्हणाले, पाहा, मन किती मोठं! ज्या मानासाठी हे केलं तो मान एका वर्षात आम्ही हाताने देऊन टाकला, आणि त्याबद्दलही कौतुक करून घेतलं.

बऱ्याच वर्षांनी मामाच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं. मी गेलो, तेही सांगायचंच असं ठरवून. मांडवात वरपक्षाच्या माणसांबरोबर मला पंक्तीत गादीवर बसवलं. त्यांच्यातला एक म्हातारा माझ्याकडे वाकून म्हणाला, "पाटील, हा तुमच्याकडचाच ना? बंदूक पळवली थो?"

वेळ आयती चालून आली होती. एक वाक्य पुरलं असतं.

"जुनी गोष्ट आहे," मी म्हणालो आणि हसलो. "सोडा आता."

मान वर केली तर तो समोर उभा. डावा हात उपरण्याखाली, उजव्या हातात बुंदीची परात. त्याने ऐकलं होतं. तो माझ्या पानाशी वाकला, बुंदी वाढली. "अजून घ्या ना भाऊ," म्हणाला. मी घेतली. खाल्ली सुद्धा.

नंतर काही वर्षांनी तो गेला. मला कळलं ते तेराव्यानंतर.

वडीलही गेले. त्यांच्यानंतर एकदा पारावर गुरवाशी बोलत बसलो होतो. तोही आता थकला आहे. पोळ्याचा विषय निघाला आणि तो सहज म्हणाला, "थो बार देवळामागून निंगे, हे तं पोट्ट्यायलेबी मालूम व्हतं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कुणाकुणाला?"

"अख्ख्या गावाले. धूर काय झाकून राह्यते भाऊ? सरपंचालेबी मालूम व्हतं. म्हने, मोठ्या घरची हौस हाये, करू द्या."

"मग त्याला चोर म्हटलं तेव्हा कुणी बोललं कसं नाही?"

"तुमी नाई बोलले," तो म्हणाला. "आमी कोन?"

म्हणजे झाकायला काही नव्हतंच. उघड्या गोष्टीवर आम्ही पांघरूण घातलं आणि त्या पांघरुणासाठी एका माणसाचं नाव फाडलं. गावाला खरं माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मामाच्या लेकीला, आणि तिला दिली त्या सुलतानपूरला. तिथे चोराची लेक एवढीच तिची ओळख पोचली होती.

हे सगळं आता लिहायला बसलो ते गेल्या महिन्यातल्या एका भेटीमुळे. मेहकरच्या स्टँडवर मी गाडीची वाट पाहत होतो. भाजीच्या टोपल्या घेऊन बसलेल्या बायांतली एक उठून आली आणि तिने माझ्या पायाला हात लावला. मी ओळखलं नाही. तिने बापाचं नाव सांगितलं.

"बरी आहेस?" मी विचारलं.

"बरी हाये. सासू गेली मागल्या साली. आता घरात बोलनारं कमी झालं." ती जवळ सरकली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "भाऊ, लय दिसाचं मनात हाये. माह्या बापानं तुमच्या घरी जे केलं, थे तुमी पोटात घातलं. लग्नालेबी आले. म्या तं त्याले शेवटपर्यंत माफ नाई केलं. मरताना पानी मागे, तं पानी देओ, पण बोलो नाई. तुमी मनात धरू नका."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाही गं," मी म्हणालो. "आम्ही कधीच मनात धरलं नाही."

तिने डोळे पुसले. माझी गाडी लागली. मी चढलो, खिडकीतून पाहिलं तर ती हात जोडून उभी होती.

नक्षीची बंदूक अजून बैठकीत आहे. परवाना मी वेळेवर नवा करून घेतो. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा होते आणि नवा जमादार जुन्यासारखाच हरणावरून बोट फिरवतो. मी तिला विकत नाही. ती समोर असलेली बरी. साधीचे तुकडे कोर्टात जमा झाले, त्यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. तो पिवळा डाग कुठे गेला असेल, असं कधीकधी मनात येतं.

लिहून मोकळं झाल्यासारखं वाटेल असा समज होता. वाटत नाही. हे छापलं गेलं तरी ती वाचणार नाही. तिला वाचता येत नाही.

तिच्या बापाने बंदूक चोरली नव्हती. दारू मी ठासली होती. हे मला सुलतानपूरला जाऊन, तिच्या घरात, तिच्या नवऱ्यासमोर आणि पोरांसमोर माझ्या तोंडाने सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.